जिनिंगचा काटा बंद, आणि जावा म्हणतंय मेमरी नाही: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण धरणगावच्या बाजूच्या एका जिनिंग-प्रेसिंगचं आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. आम्ही जळगावात तिघं मिळून सॉफ्टवेअरची छोटी-मोठी कामं करतो आणि या जिनिंगच्या वजनकाट्याची सिस्टम आमचीच. दिवाळी झाली की कापूस यायला लागतो, ट्रॅक्टर-ट्रॉली, आयशर, छोटा हत्ती, ज्याला जे मिळेल त्यात भरून आणतो. गाडी आधी भरलेली काट्यावर चढते, माल खाली करून रिकामी चढते, दोन्हीची वजाबाकी होते आणि पावती निघते, त्या पावतीवर शेतकऱ्याचा पैसा. त्यामुळे काटा थांबला की आतली मशिनरी चालू असून उपयोग नाही, गेटवर रांग लागते.

काट्याच्या केबिनमधे एक छोटा पीसी आहे, ४ जीबी रॅम, उबंटू २२.०४ म्हणजे लिनक्स. काट्याच्या इंडिकेटरची सिरीयल केबल यूएसबी कन्व्हर्टरमधून पीसीला येते आणि आमचा जावा १७ वरचा प्रोग्रॅम वजन वाचून पावती छापतो. तो सिस्टमडीची (लिनक्समधे प्रोग्रॅम उठवणारी आणि सांभाळणारी यंत्रणा) सर्व्हिस म्हणून चालतो, मशीन चालू झालं की आपोआप उठतो.

मागच्या सीझनला त्यांच्याच ऑफिसातल्या बिलिंगच्या विंडोज मशीनमधे पेनड्राइव्हवरून व्हायरस शिरला होता आणि चार दिवसांचा हिशोब परत हाताने मांडावा लागला. म्हणून मालकांनी, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, या वर्षी आधीच सांगितलं की काट्याचं मशीन पक्कं करून द्या. आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा /टेंप फोल्डर वेगळा टेंप-एफएस (रॅममधला फाइलींचा भाग) करून एफएसटॅबमधे, म्हणजे कुठला भाग कसा जोडायचा (माउंट) ते लिहिलेल्या फाइलीत, नोएक्झेक लावला, म्हणजे तिथे कोणी काही आणून टाकलं तरी ते चालवता येऊ नये. दुसरं म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या युनिट फाइलमधे नोन्यूप्रिव्हिलेजेस, प्रोटेक्टसिस्टम=फुल आणि मेमरीडिनायराइटएक्झिक्यूट=येस अशा तीन ओळी घातल्या. तिन्ही चांगल्याच आहेत, मी आजही तेच म्हणेन. तिसरीचा अर्थ असा की या सर्व्हिसला जी मेमरी लिहिता येते ती चालवता येणार नाही. सिस्टमडीमधे ही सोय २०१६ साली २३१ व्हर्जनला आली.

हे सगळं संध्याकाळी रिमोटवरून केलं, गाड्या चालू होत्या म्हणून सर्व्हिस रीस्टार्ट केली नाही, फक्त कॉन्फिग परत वाचायला लावलं. आणि त्याआधी ऑफिसात टेस्ट केली होती ती टर्मिनलवर हाताने जावा चालवून. टर्मिनलवरून चालवलं की युनिट फाइलचे नियम लागूच होत नाहीत, आणि ऑफिसच्या मशीनवर /टेंपला नोएक्झेकही नव्हता. म्हणजे जे बदललं तेच तपासलं गेलं नाही. हे पुढे कळलं.

काय बिघडलं

दुसऱ्या दिवशी पहाटे लाईट गेली, यूपीएसची बॅटरी जुनी, मशीन बंद पडलं. साडेसातला लाईट आली, मशीन उठलं, काट्याचा प्रोग्रॅम उठला नाही. आठच्या आत आप्पांचा फोन. "काय व्हयनं भो, काटा बंद पडना का? गाड्या उभ्या शेतस."

काट्यावरच्या दादाने स्क्रीनचा फोटो पाठवला. लॉगमधे जावाचं म्हणणं असं: देअर इज इनसफिशियंट मेमरी फॉर द जावा रनटाइम एन्व्हायरन्मेंट टू कंटिन्यू. खाली, नेटिव्ह मेमरी अलोकेशन फेल्ड टू मॅप २५५५९०४ बाइट्स.

आता हे वाचून कोणीही काय समजेल? मेमरी कमी पडली. आम्हीही तेच समजलो. त्यात जिनिंग म्हणजे हवेत रुई, पीसीच्या पंख्यात, स्लॉटमधे, सगळीकडे. दादाला फोनवर सांगून कॅबिनेट उघडायला लावलं तर आत खरंच रुईचा थर होता, म्हणून संशय अजून पक्का झाला, रॅम काढून साफ करून परत बसवली. काही नाही. मग जावाचं हीप, म्हणजे प्रोग्रॅमच्या डेटाची मेमरी, ५१२ वरून २५६ एमबी केलं. तेच. ४ जीबीच्या मशीनवर अडीच एमबी मिळत नाही हे कसं शक्य आहे असा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता, पण मागून आप्पांचा आवाज आणि ट्रॅक्टरचे हॉर्न ऐकू येत असताना माणूस आधी हात चालवतो. यात सव्वा तास गेला.

दरम्यान दादाने आपल्या डोक्याने एक काम केलं. इंडिकेटर तर वजन दाखवतच होता, त्याला पीसी लागत नाही, म्हणून त्याने वहीवर गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन लिहून कच्ची पावती द्यायला सुरुवात केली आणि शेतकऱ्याची सही घेतली. काही लोकं थांबली, छापील पावतीशिवाय माल खाली करणार नाही म्हणाली, आणि त्यांचं बरोबरच होतं.

पहिला निर्णय: संदेश सोडून एरर नंबर बघायचा

माझा जोडीदार जळगावहून निघाला, पाळधीच्या पुढे गेला असेल, तेव्हा मी ऑफिसात बसून पूर्ण लॉग परत पहिल्यापासून वाचला. मोठ्या संदेशाच्या वर एक वॉर्निंगची ओळ होती जी फोटोत अर्धी कापली गेली होती. त्यात कमिट मेमरी फेल झाल्याचं होतं, कंसात पत्ता, मग २५५५९०४, मग १. आणि पुढे: ऑपरेशन नॉट परमिटेड, एररनो १.

इथे सगळं फिरलं. लिनक्समधे मेमरी खरंच संपली तर एरर नंबर १२ येतो. १ म्हणजे ईपर्म, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) म्हणतोय की आहे, पण देणार नाही. "इनसफिशियंट मेमरी" हा जावाने आपल्या मनाने काढलेला अर्थ होता, एमएमॅप, म्हणजे कर्नलकडे मेमरी मागायचा कॉल, फेल झाला की तो हेच वाक्य छापतो. आणि कंसातला शेवटचा १ म्हणजे जावाला ही मेमरी एक्झिक्यूटसकट हवी होती. २५५५९०४ ला १०२४ ने भागा, बरोबर २४९६ केबी येतात, हा हॉटस्पॉटच्या (जावा चालवणारं इंजिन) कोड कॅशचा सुरुवातीचा आकार आहे. म्हणजे हीपचा काही संबंधच नव्हता. जावा चालू होताना जिथे मशीन कोड तयार करून ठेवतो त्या जागेलाच नकार मिळत होता.

स्ट्रेस नावाच्या टूलखाली (प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं) सर्व्हिस चालवून बघितली, अगदी तेच दिसलं, एमएमॅपला प्रॉट-रीड, प्रॉट-राइट, प्रॉट-एक्झेक तिन्ही एकदम मागितले आणि उत्तर उणे एक, ईपर्म.

कर्नल परवानग्या कुठे आणि कशा लिहितो

इथे जरा थांबतो, कारण ही गोष्ट नीट कळली नसती तर पुढचा दुसरा घोळ सुटला नसता, आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात परवानगी म्हणजे फक्त फाइलीची परवानगी बदलणारं सीएचमॉड असतं.

प्रत्येक चालू प्रोग्रॅमची मेमरी कर्नल तुकड्या-तुकड्यात मांडतो. एका तुकड्याला कर्नलच्या भाषेत व्हीएमए म्हणतात, सुरुवातीचा पत्ता, शेवटचा पत्ता आणि त्याचे फ्लॅग. हे तुम्हाला /प्रॉक मधे त्या प्रोसेसच्या नंबरच्या फोल्डरात मॅप्स नावाच्या फाइलीत वाचता येतं. प्रत्येक ओळीत पत्त्यानंतर चार अक्षरं असतात. पहिलं आर किंवा डॅश, वाचता येतं का. दुसरं डब्ल्यू, लिहिता येतं का. तिसरं एक्स, चालवता येतं का. चौथं पी किंवा एस, म्हणजे प्रायव्हेट की शेअर्ड. प्रायव्हेटमधे तुम्ही लिहिलं तर तुमच्यापुरती कॉपी होते, शेअर्डमधे लिहिलेलं मूळ फाइलीत आणि दुसऱ्या प्रोसेसलाही दिसतं. लायब्ररीचा कोड साधारण आर-एक्स-पी असतो, तिचा बदलता डेटा आर-डब्ल्यू-पी, आणि कधीच न बदलणारा डेटा नुसता आर.

पण ही चार अक्षरं म्हणजे आत्ता काय चालू आहे तेवढंच. कर्नल त्याच्या बाजूला अजून एक गोष्ट लिहून ठेवतो, की या तुकड्याला पुढे कधी काय मिळू शकतं. आतले फ्लॅग हेक्समधे असे आहेत: व्हीएम-रीड १, व्हीएम-राइट २, व्हीएम-एक्झेक ४, व्हीएम-शेअर्ड ८. आणि त्यांचेच जुळे, व्हीएम-मेरीड १०, व्हीएम-मेराइट २०, व्हीएम-मेएक्झेक ४०, व्हीएम-मेशेअर ८०. बघा, बरोबर चार बिट डावीकडे. प्रोग्रॅमने एमप्रोटेक्ट करून परवानगी बदलायला मागितली की कर्नल हे वरचे बिट चार घरं उजवीकडे सरकवतो आणि मागितलेल्या बिटांशी ताडून बघतो, मागितलेलं त्यात नसेल तर सरळ ईॲक्सेस, एरर १३. एका ओळीचा चेक आहे, मला तो फार आवडतो.

हे आपल्याकडच्या शेताच्या कागदासारखं वाटतं मला. आत्ता शेतात काय पेरलंय ते एक, आणि त्या जमिनीवर बिनशेती करता येईल का ते दुसरं, दोन्ही वेगळीकडे लिहिलेलं असतं आणि पेरणी बघून दुसरं कळत नाही.

मे-वाले फ्लॅग बघायचे तर मॅप्समधे दिसत नाहीत, शेजारच्या एसमॅप्स फाइलीत व्हीएमफ्लॅग्स म्हणून ओळ असते, त्यात दोन-दोन अक्षरी खुणा असतात. आरडी, डब्ल्यूआर, ईएक्स, एसएच म्हणजे आत्ताचे आणि एमआर, एमडब्ल्यू, एमई, एमएस म्हणजे पुढे मिळू शकणारे. आणि एक बारीक गंमत, मॅप्समधलं चौथं अक्षर एस हे व्हीएम-शेअर्डवरून नाही तर मेशेअरवरून छापतात. कारण फाइल फक्त वाचायला उघडून शेअर्ड मॅप केली तर कर्नल शेअर्ड आणि मेराइट हे दोन्ही बिट काढून टाकतो, लिहायचं नाहीच तर शेअर्ड काय आणि प्रायव्हेट काय, पण बाहेर दाखवताना मात्र तुम्ही मागितलं होतं तेच एस दाखवतो.

खाली प्रोसेसरच्या पातळीवर अजून वेगळंच आहे. एक्स-८६ म्हणजे इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या पेज टेबलात ४०९६ बाइटच्या प्रत्येक पेजला एक नोंद असते, तिच्यात लिहिता येतं का याचा एक बिट आहे, आणि ६३ नंबरचा बिट म्हणजे एनएक्स, चालवू नको. वाचायचा वेगळा बिट नाहीच, म्हणून त्या प्रोसेसरवर लिहिता येतं तिथे वाचताही येतं. एनएक्स बिट एएमडीने २००३ च्या ६४-बिट प्रोसेसरबरोबर आणला. ओपनबीएसडीवाल्यांनी त्याच वर्षी ३.३ मधे लिहिणं किंवा चालवणं, दोन्ही एकदम नाही, हा नियम आणला होता. कारण हल्ला करणाऱ्याला लागतं ते हेच, आधी आपला कोड मेमरीत लिहायचा आणि मग तिथेच उडी मारायची. आमच्या युनिट फाइलीतली ती ओळ याच घराण्यातली.

आणि जावा नेमकं तेच करतो, चांगल्या कारणासाठी. चालता चालता मशीन कोड लिहितो आणि तोच चालवतो. त्याच्या मॅप्समधे आर-डब्ल्यू-एक्स-पी अशी ओळ दिसते, नाव-गाव नसलेली. उबंटू २२.०४ वर सिस्टमडी हा नियम सेककॉम्पने (कर्नलकडे जाणाऱ्या मागण्यांची चाळणी) लावतो, एमएमॅपमधे राइट आणि एक्झेक दोन्ही एकदम मागितले तर ईपर्म, एमप्रोटेक्टमधे एक्झेक मागितला तरी ईपर्म. साध्या लायब्ररी आर-एक्स म्हणून मॅप होतात, त्यांना तो अडवत नाही. म्हणून जावाची बायनरी, लिबसी सगळं नीट लोड झालं आणि गाडी बरोबर कोड कॅशपाशी अडली.

दुसरा घोळ, त्याच नंबरचा

युनिट फाइलमधली तिसरी ओळ ड्रॉप-इन फाइलने (मूळ फाइलीवर वरून लागू होणारी जोडफाइल) बंद केली, सर्व्हिस चालू केली, जावा उठला. आप्पांना सांगणार तेवढ्यात लॉगमधे नवीन एरर: अनसॅटिस्फाइड लिंक, /टेंपमधली एक .एसओ फाइल (लिनक्सची लायब्ररी), फेल्ड टू मॅप सेगमेंट फ्रॉम शेअर्ड ऑब्जेक्ट.

सिरीयल पोर्ट वाचणारी जी जावाची लायब्ररी आम्ही वापरतो ती चालू होताना आपल्या जारमधून (जावाच्या फाइलींचं गाठोडं) एक नेटिव्ह, म्हणजे मशीन कोडची, फाइल काढून टेंप फोल्डरमधे ठेवते आणि तिथून लोड करते. जावाच्या बऱ्याच लायब्ररी असंच करतात. जोडीदार तोपर्यंत केबिनमधे पोचला होता, त्याने फाइलला सीएचमॉड ७७७ मारलं. उपयोग शून्य, आणि याचं कारण सांगण्यासारखं आहे. एमएमॅप एक्झेकसाठी फाइलीचा एक्स बिट बघतच नाही. उबंटू-डेबियनमधे /यूएसआर/लिब खालच्या लायब्ररी बघा, बहुतेक ६४४ आहेत, एक्स कुणालाच नाही, आणि तरी रोज लोड होतात. एमएमॅपला पुरतं एवढंच की फाइल वाचायला उघडता आली पाहिजे आणि ती ज्या माउंटवर आहे तो नोएक्झेक नसला पाहिजे.

आमचा /टेंप नोएक्झेक होता. अशा माउंटवरच्या फाइलीला एक्झेक मागितला की ईपर्म, परत तोच १ नंबर. आणि एक्झेक मागितला नाही, नुसतं वाचायला मॅप केलं, तर कर्नल ते करू देतो पण मेएक्झेक बिट काढून घेतो, म्हणजे मागाहून एमप्रोटेक्टने हळूच एक्झेक करून घ्यायची वाटही बंद.

हे पुस्तकात वाचलेलं आणि समोर बघितलेलं यात फरक असतो. जावाची प्रोसेस उठलेली होती तेव्हा तिच्या एसमॅप्समधे मला एक ओळ सापडली. जावा आपल्या परफॉर्मन्सचे आकडे ठेवायला /टेंपमधे एचएसपर्फडेटा नावाच्या फोल्डरात छोटी फाइल करतो आणि ती आर-डब्ल्यू-एस म्हणजे शेअर्ड मॅप करतो. तोच /टेंप, तोच नोएक्झेक, आणि हे मॅपिंग व्यवस्थित चाललं होतं, कारण त्याला एक्झेक नको होता. त्याची व्हीएमफ्लॅग्सची ओळ वाचली: आरडी, डब्ल्यूआर, एसएच, एमआर, एमडब्ल्यू, एमएस. एमई नाही. मग खात्रीसाठी शेजारची हीपची ओळ बघितली, तिच्यात एमई होता. फोनवर जोडीदाराला म्हटलं, अरे सीएचमॉड सोड, माउंटचं आहे.

पर्याय काय होते

तेव्हा अकरा वाजायला आले होते आणि रांग गेटबाहेर रस्त्यावर गेली होती. समोर चार रस्ते होते.

सगळं काढून टाकायचं, एफएसटॅब आणि युनिट फाइल दोन्ही परवाच्यासारख्या. सगळ्यात पटकन. पण मग व्हायरसनंतर आप्पांना दिलेला शब्द तिथेच संपला, आणि सीझनच्या धावपळीत ते परत कोणी लावलं नसतं, हे मला माहीत आहे.

/टेंपला चालत्या मशीनवर एक्झेक करून रीमाउंट करायचं. एक कमांड. रीबूट झालं की एफएसटॅबप्रमाणे परत नोएक्झेक, म्हणजे पुन्हा लाईट गेली की पुन्हा काटा बंद.

ती नेटिव्ह फाइल /टेंपच्या बाहेर हलवायची. दोन प्रकार होते. टेंप फोल्डरच सर्व्हिसच्या मालकीच्या दुसऱ्या जागी न्यायचा, किंवा फाइल एकदाच काढून रूटच्या मालकीच्या फोल्डरात ठेवायची आणि लायब्ररीला तिथून उचलायला सांगायचं. पहिल्यात सर्व्हिस जिथे लिहू शकते तिथूनच कोड चालवते, म्हणजे नोएक्झेकचा हेतूच गेला. दुसऱ्यात सर्व्हिस फक्त वाचते. मेमरीचा जो नियम, लिहिणं आणि चालवणं वेगळं, तोच इथे डिस्कवर पाळला जातो.

चौथा होता जेआयटी (चालता चालता मशीन कोड बनवणारा जावाचा भाग) बंद करून जावा नुसता इंटरप्रिटरवर चालवायचा, म्हणजे मेमरीची ती ओळ चालू ठेवता येईल. काट्याला कुठे वेग लागतो? मला हे फार पटलं होतं. ऑफिसच्या मशीनवर लगेच करून बघितलं, युनिट फाइलीतूनच, आणि तोच एरर, तेच २५५५९०४. कारण हॉटस्पॉटचा इंटरप्रिटरसुद्धा चालू होताना मशीन कोड तयार करून कोड कॅशमधेच ठेवतो. जेआयटी बंद केल्याने आर-डब्ल्यू-एक्सची गरज जात नाही. दहा मिनिटं गेली पण हा प्रश्न कायमचा मिटला.

काय केलं

दोन टप्पे ठरवले. अकरा वाजून दहा मिनिटांनी रीमाउंट केलं, सर्व्हिस रीस्टार्ट, पहिली छापील पावती निघाली. जोडीदाराने केबिनच्या भिंतीवर कागद चिकटवला: मशीन बंद करू नका, लाईट गेली तर आधी फोन करा. आणि आप्पांना स्पष्ट सांगितलं की हे रात्रीपर्यंतचं आहे. हा टप्पा घ्यावा की नाही यावर आमच्यात दोन मिनिटं वाद झाला, मी म्हणत होतो अजून पंधरा मिनिटं दे, पक्कंच करून टाकू. तो म्हणाला बाहेर येऊन रांग बघ. त्याचं बरोबर होतं. पहाटेपासून गाडीवर बसलेल्या माणसाला आमच्या पक्केपणाशी देणंघेणं नसतं.

रात्री आठनंतर गाड्या संपल्यावर नेटिव्ह फाइल जारमधून काढून /यूएसआर/लोकल/लिब खाली रूटच्या मालकीने ६४४ करून ठेवली, प्रोग्रॅमला चालू होताना तो रस्ता दिला, /टेंप परत नोएक्झेक. ७७७ वाली फाइल आठवणीने काढून टाकली. दादाने वहीतल्या कच्च्या पावत्या सिस्टममधे भरल्या, सहीवरून एकेक ताडून. मेमरीडिनायराइटएक्झिक्यूट त्या एका सर्व्हिसपुरतं नो ठेवलं आणि युनिट फाइलीत वर दोन ओळी लिहिल्या, का नो आहे आणि जावा असेपर्यंत येस करू नका. बाकीच्या दोन ओळी तशाच. मग मुद्दाम मशीन बंद केलं, प्लग काढला, परत लावला. प्रोग्रॅम उठला. हे तीनदा केलं.

निकाल

सीझन संपेपर्यंत लाईट बऱ्याचदा गेली, काट्याचा प्रोग्रॅम दरवेळी आपोआप उठला. त्या दिवसाचा एकूण खोळंबा साडेसात ते अकरा दहा, म्हणजे पावणेचार तासांच्या थोडं आत. कच्च्या पावत्यांमुळे पैशाचा वाद एकही झाला नाही, त्याचं श्रेय पूर्ण दादाचं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, बदल केल्यावर त्याच संध्याकाळी रीस्टार्ट आणि रीबूट करायला हवं होतं, गाड्या संपेपर्यंत थांबून. आमचा बदल रात्रभर मशीनमधे पडून होता आणि लाईट जायची वाट बघत होता. दोन्ही बदल एकत्र करणं हीही चूकच, कारण दोन वेगळ्या दारांवरून एकच ईपर्म येत होता आणि पहिलं उघडल्याशिवाय दुसरं दिसतच नव्हतं. आणि टेस्ट युनिट फाइलमधूनच व्हायला हवी, हाताने चालवलेला प्रोग्रॅम वेगळ्याच नियमांखाली चालतो.

एरर नंबर पहिल्या फोटोतच पूर्ण मागायला हवा होता. आता दादाला सांगून ठेवलंय की फोटो नको, जर्नलची (सिस्टमडीचा लॉग) पूर्ण फाइल पाठव, ती कमांड त्याच भिंतीवरच्या कागदावर आहे. शिवाय प्रोग्रॅम नीट चालू असतानाच्या मॅप्स आणि एसमॅप्सची एक कॉपी आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मशीनची काढून ठेवायला लागलोय, बिघडल्यावर शेजारी ठेवून बघायला. नवीन कर्नलवर हा नंबर बदलू शकतो हेही लक्षात ठेवलंय, कारण ६.३ पासून, म्हणजे २०२३ पासून, हाच नियम कर्नलमधेच पीआरसीटीएल नावाच्या कॉलने लावता येतो आणि तिथे नकार ईॲक्सेसने येतो, १३ नंबरने.

एक गोष्ट मात्र अजून मनाला लागून आहे. जावाच्या मॅप्समधे ती आर-डब्ल्यू-एक्स-पी ओळ आजही तशीच आहे. सिरीयल केबलवरून बाहेरचा डेटा वाचणाऱ्या प्रोसेसमधेच लिहिता आणि चालवता येणारी मेमरी असणं मला बरं वाटत नाही. म्हणून वजन वाचायचं काम सी मधे लिहिलेल्या छोट्या वेगळ्या प्रोग्रॅमला द्यायचं, त्याच्यावर मेमरीडिनायराइटएक्झिक्यूट येस ठेवायचं आणि जावाला फक्त लोकल सॉकेटवरून आकडा द्यायचा असं ठरवलंय. तो प्रोग्रॅम ऑफिसात एका जुन्या इंडिकेटरला जोडून चालू आहे, त्याच्या मॅप्समधे डब्ल्यू आणि एक्स एका ओळीत कुठेच नाहीत. जिनिंगवर तो पुढच्या कापसाच्या आधी, उन्हाळ्यात काटा रिकामा असताना बसवणार आहोत.